बाहेरचा पार्ट बसवला म्हणून वॉरंटी नाकारली? ग्राहक आयोगातली तक्रार आणि तिचे कागद

बाहेरून फॉग लॅम्प बसवले की गाडीची सगळी वॉरंटी गेली, असं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सर्रास सांगतात. लॅम्पसाठी मूळ वायर कापली आणि तिथेच शॉर्ट झाला, तर नकार समजू शकतो. पण त्याच गाडीचा स्टिअरिंग रॅक वाजू लागला, तर लॅम्पकडे बोट दाखवून चालत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने (हा ग्राहक आयोग नव्हे, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी संस्था) २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कारकंपन्यांना बजावलं होतं की, बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच रद्द करा. आदेश पुढे अपिलात गेला, म्हणून तो तक्रारीला जोडा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) रिमॅप केलेल्यांची, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून घेतलेल्यांची बाजू मात्र इंजिनाच्या बिघाडात लंगडीच असते.

गाडी घरगुती वापराची असेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही ग्राहक. टॅक्सी स्वतः चालवून पोट भरत असाल तरीही. आरसी फर्मच्या नावावर असेल, तर ‘व्यापारी हेतू’ची, म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही अशी हरकत येणार हे धरूनच चाला.

आता तो कागद, जो जवळपास कुणाकडेच नसतो: लेखी नकार. अ‍ॅडव्हायझर तोंडी ‘कंपनीने रिजेक्ट केलं’ म्हणतो, जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, नुसतं ‘पेड’ लिहितो, तुम्ही पैसे भरून गाडी घरी आणता. आयोगापुढे ते राजीखुशीने करून घेतलेलं काम दिसतं. म्हणून कारण जॉब कार्डवरच लिहून मागा. दिलं नाही, तर त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा: कोणत्या पार्टमुळे, कोणता बिघाड, वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली? पैसे भरावेच लागले तर ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. काम सुरू होण्याआधी जुना पार्ट परत हवा असल्याचंही लेखी कळवा. तो भंगारात गेला की दोष तपासायला प्रयोगशाळेत पाठवणार काय?

बाकी कागद नेहमीचेच: गाडीचं बिल, आरसी, वॉरंटी पुस्तिका, सर्व्हिसची नोंद, बाहेरच्या पार्टचं व तो बसवल्याचं बिल, प्रतिज्ञापत्र. बाहेरचं बिल लपवू नका. पार्ट कुठे आणि कधी बसला हे तेच सांगतं.

मुदत दोन वर्षांची, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून, म्हणजे साधारणपणे नकारापासून मोजतात. वॉरंटी संपण्याच्या तारखेचा इथे संबंध नाही. १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार म्हणजे आयोगात दाखल केलेली तक्रार नव्हे, आणि कंपनीच्या ‘आम्ही पाहत आहोत’ छापाच्या ईमेलने मुदत थांबत नाही. उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह सोबत जोडा.

दाखल करायचं जिल्हा आयोगात, ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात चालतं. कंपनीच्या मुख्यालयाचं शहर गाठायची गरज नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा आणि शुल्क दोन्ही तुम्ही खरेदीत दिलेल्या किमतीवर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. डीलर आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर जो हजर असेल तो गैरहजराकडे बोट दाखवतो.

मागणीचे शब्द जपून लिहा. ‘वॉरंटीची अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करा’ ही मागणी राज्य आयोगाच्या कक्षेतली. जिल्ह्यात ती मांडली की अधिकारक्षेत्राच्या वादात तारखा जातात. इथे सेवेतील त्रुटी, सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर भर द्या, दुरुस्तीचे पैसे आणि खर्च मागा.

विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतरही कुणी मुदतवाढ मागितली, तर तिथेच हरकत नोंदवा.