संख्याजाण, बालकांची

संख्यांची नावे येण्याच्या कितीतरी आधी बाळाला कमी-जास्त कळते. या उपजत जाणिवेपासून मोजणी आणि साध्या हिशोबापर्यंतच्या वाढीला संख्याजाण म्हणतात.

मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी 1992 मध्ये 5 महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवली, आड पडदा धरला आणि बाळाच्या देखत दुसरी बाहुली पडद्यामागे नेली. पडदा काढल्यावर एकच बाहुली दिसली, तर बाळे जास्त वेळ टक लावून बघत, जणू त्यांना दोन दिसायची अपेक्षा होती. याला बेरीज म्हणावे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. 6 महिन्यांच्या बाळाला 8 आणि 16 ठिपक्यांतला फरक जाणवतो, 8 आणि 12 मधला नाही. तो पुढच्या काही महिन्यांत जाणवू लागतो.

खरी चढण मोजणीची. कोकणात मे महिन्यात माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची अढी घातलेली असते. तीन वर्षांचा नातू पिकलेल्या आंब्यांवर बोट ठेवत एक ते पाच म्हणतो. "मगे किती आंबे झाले?" आजी विचारते. तो पुन्हा "एक, दोन..." सुरू करतो. आकडे पाठ आहेत, पण शेवटचा शब्द म्हणजेच सगळे आंबे, हे अजून उमगलेले नाही. बहुतेक मुलांना ते साडेतीन-चारच्या सुमारास उमगते. मानसशास्त्रज्ञ रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी 1978 मध्ये मोजणीची तत्त्वे मांडली: एका आंब्याला एकच शब्द, शब्दांचा क्रम पक्का, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, मोजायला आंबे असोत की सागरगोटे, रीत तीच, आणि सुरुवात कुठूनही करा, उत्तर तेच. म्हणून पोराकडून शंभरपर्यंत वदवून घेऊन पाहुण्यांसमोर मिरवण्यापेक्षा "तीन सागरगोटे दे" म्हणून पाहावे. खरी पारख त्यात होते.

तरीही डोळा फसतोच. पाच नारळांची ओळ लांबवली की चार वर्षांच्या मुलाला ते जास्त वाटतात. बालमनाचे अभ्यासक झां पियाजे यांच्या मते ही चूक साधारण सहा-सातव्या वर्षी सुटते.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते. 'त्रेचाळीस' म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना चार. शंभरपर्यंतची बहुतेक नावे सुटी सुटीच पाठ करावी लागतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी वाचनपद्धत सुचवली, तेव्हा मोठा वाद झाला. मुलांची अडचण खरी होती, हे मात्र मान्य करायला हवे. पण याच नावांत एक सोयही दडली आहे. 'एकोण' म्हणजे एकाने कमी. खळ्यात तीस नारळ मांडून मुलाला त्यातला एक उचलायला सांगितला, की उरतात ते एकोणतीस.