गुलाबी बोंडअळीचा माग, तिच्याच गंधाने

बडोद्याहून भरुचच्या रस्त्याला लागलं की करजणच्या आसपास काळ्या जमिनीत कापूस दिसायला लागतो. भरुचच्याच सरकारी कापूस-मळ्यांतून 1842 मध्ये किडीचे काही नमुने इंग्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. पुढे किडक्या सरकीबरोबर ती इजिप्त, मेक्सिको करत 1917 मध्ये टेक्सासात पोहोचली.

ही अळी फार फसवी. अंड्यातून निघाली की लगेच पातीत (कळीत), फुलात नाहीतर हिरव्या बोंडात शिरते. आत शिरल्याचं भोक बोंड वाढता वाढता बुजतं. कैरी, म्हणजे हिरवं बोंड, बाहेरून टवटवीत दिसते, फोडली की आत डागाळलेला कापूस आणि सरकी पोखरणारी अळी! तिथवर फवारा पोहोचत नाही. म्हणून या अळीचे पतंग उडू लागले, हे वेळेत कळणं महत्त्वाचं.

मादी रात्री पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून गंध सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने त्याचा माग काढत येतो. हा गंध 1973 मध्ये उलगडला. त्यात दोन संयुगं निघाली, जवळजवळ निम्मी निम्मी. दोघांत फरक एवढाच, की रेणूतल्या एका दुहेरी बंधाची ठेवण वेगळी. नरांना या गंधाने ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यातल्या रबरी आमिषात (ल्यूरमध्ये) हेच मिश्रण कृत्रिमरीत्या बनवून भरलेलं असतं.

देखरेखीसाठी हेक्टरी 5 सापळे पुरतात. ते पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर टांगायचे आणि पीक वाढेल तसे वर सरकवायचे. पण सापळा लावला म्हणजे कीड आटोक्यात आली, हा समज मला फार काळजीचा वाटतो. त्यात फक्त नर येतात, आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळ्याचा खरा उपयोग मोजणीचा. सलग 3 रात्री दर सापळ्यात सरासरी 8 पतंग सापडले, की उपाय करायची वेळ आली. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली फुलं, शोधून नष्ट करायच्या आणि थोड्या कैऱ्या फोडून बघायच्या.

अमेरिकेने बीटी कापूस (अळीला मारक प्रथिन स्वतःच बनवणारं वाण), वांझ केलेले पतंग आणि हाच गंध यांच्या जोरावर 2018 मध्ये ही कीड संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे मात्र 2010 मध्येच गुजरातेत ती पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचं स्पष्ट झालं होतं. त्यामुळे हंगामानंतर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आवारातही सापळे हवेतच, कारण तिथल्या सरकीत झोपलेल्या अळ्यांचे पतंग होऊन पुढच्या लागवडीवर जातात.