छाती चाळीस, पण कुणाची? माणसाची की शर्टाची?

तयार कपड्यांच्या मापाच्या तक्त्यात ‘छाती ४०’ लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचे दोन अर्थ निघू शकतात. ज्याची छाती चाळीस इंच आहे त्याच्यासाठी हा शर्ट, हा एक. आणि हा शर्टच छातीत घेराला चाळीस इंच भरतो, हा दुसरा. पहिला शर्ट चाळीस छातीच्या माणसाला व्यवस्थित बसेल. दुसऱ्याची बटणं कशीबशी लागतील, पण माणूस खाली बसला की दोन बटणांच्या फटीतून बनियन डोकावेल.

पहिल्याला अंगाचं माप म्हणू, दुसऱ्याला कपड्याचं माप. एरवी यात गल्लत झाली तर फार बिघडत नाही, बदलून आणता येतं. सण दोन दिवसांवर आलाय, घरात सहा माणसं, त्यातली चार खरेदीला येणार नाहीत आणि बदलायला जायला दिवसच शिल्लक नाही, अशा वेळी मात्र ही एक गल्लत अख्खी पिशवी वाया घालवते.

माझी गेली आहे. बाबांसाठी शर्ट घ्यायचा होता आणि मी स्वतःवर खूश होते, कारण अंदाजपंचे न घेता मी माप घेतलं होतं. त्यांना सगळ्यात छान बसणारा शर्ट कपाटातून काढला, पलंगावर पसरला, या काखेपासून त्या काखेपर्यंत टेप धरली. २२ इंच. दुप्पट केले, ४४. तक्त्यात ४४ शोधून शर्ट मागवला. तक्ता अंगाच्या मापांचा होता. ४४ छातीच्या माणसासाठी शिवलेला तो शर्ट स्वतः ४८ इंच भरला. बाबांनी घातला, आरशात पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “यात तुझी आईपण मावेल.” त्यांची छाती ४० आहे.

त्याच खरेदीत भाचीच्या बाबतीत बरोबर उलटी चूक केली. तिची छाती टेपनं मोजली, २४ इंच, आणि तक्त्यातला २४ वाला फ्रॉक घेतला. तो तक्ता कपड्याच्या मापांचा निघाला. फ्रॉक डोक्यातून आत गेला, काखेपर्यंत आला आणि तिथेच रुतला. धड वर जाईना, धड खाली येईना, आणि आतून भोकाड.

दोन्ही मापांच्या मध्ये जी जागा असते तिला शिवणकामात लूज म्हणतात. ‘लूज किती ठेवू?’ हा शिंप्याचा नेहमीचा प्रश्न तो हाच. ही जागा लागतेच, कारण माणूस पुतळ्यासारखा उभा राहत नाही. खोल श्वास घेतला तरी छाती चार-पाच सेंटिमीटर फुगते, बसलं की सीटचा, म्हणजे बैठकीचा, घेर वाढतो, हात पुढे केले की पाठीवर कापड ओढलं जातं. साध्या, न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टात छातीला साधारण चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर लूज धरतात. अंगाबरोबर बसणाऱ्या फिटिंगमध्ये ते कमी होतं, ढगळ फॅशनमध्ये आठ-आठ इंचांपर्यंत जातं. म्हणून अंगाचं माप तेच असूनही तीन शर्ट तीन तऱ्हांनी बसतात, आणि त्यातला एकही चुकीचा नसतो.

ताणणाऱ्या कापडात हिशोबच उलटतो. होजिअरीचा टी-शर्ट किंवा इलॅस्टेन मिसळलेली लेगिंग्ज पसरून मोजली तर अंगापेक्षा लहानच भरते. ती अंगावर ताणून बसावी म्हणून मुद्दाम तशी केलेली असते. तिथे कपड्याचं माप पाहून ‘हे लहान होईल’ असं ठरवलं आणि एक नंबर वरचं घेतलं, तर गुडघ्यावर झोळ पडतात.

नंबरांचा जो पसारा आहे तो मुळात अंगाच्या मापावर उभा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० मध्ये जवळजवळ १५,००० बायकांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतली. तयार कपडे कुणालाच धड बसत नाहीत ही तक्रार तेव्हाही होती. त्यावरून १९५८ मध्ये तिथे प्रमाणित मापं ठरली, आणि ती सगळी अंगाची होती. पण ती पाळायची सक्ती नव्हती. उत्पादक आपापले आकडे वापरत राहिले आणि १९८३ मध्ये ते प्रमाणच मागे घेतलं गेलं. युरोपनं २००१ नंतर ईएन १३४०२ या नावानं जी पद्धत आणली तीही अंगाच्या मापांचीच, सेंटिमीटरमध्ये, लेबलवर माणसाचं छोटं चित्र काढून. म्हणजे लेबल बोलतं ते बहुतेक वेळा अंगाबद्दल. कपड्याची मापं जास्त करून शिरली ती घरबसल्या खरेदीमुळे. कपडा हातात धरून बघता येत नाही, म्हणून विकणारा तो टेबलावर पसरून मोजतो आणि तेच आकडे टाकतो. काही जण दुप्पट करून टाकतात, काही जण नुसती पसरलेली रुंदी. ‘छाती २०’ दिसली आणि शर्ट मोठ्या माणसाचा असेल, तर तो घेर नाही, अर्धा घेर आहे.

मग समोरचा तक्ता कोणता, हे ओळखायचं कसं? शीर्षकात लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेकदा नसतं. माझी पहिली खूण आकड्यांचीच: ‘३८ ते ४०’ असा पल्ला दिला असेल तर ते अंग आहे, कारण एकाच शर्टात थोडी कमी-जास्त छातीची माणसं बसतात. ‘४१.५’ असा एकच काटेकोर आकडा असेल तर तो कपडा आहे. कपड्याला पल्ला नसतो, तो जेवढा शिवला तेवढाच. दुसरी खूण रकान्यांची. खांदा, बाही, लांबी, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) असं लिहिलंय म्हणजे कपडा मोजलाय. उंची, वजन, सीट, पायाची आतून लांबी अशा गोष्टी असतील तर माणूस. चित्र असेल तर आणखी सोपं. तरीही शंका राहिली तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, ‘हे माप शर्टाचं आहे की घालणाऱ्याचं?’ ‘साइज बरोबर आहे ना?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ असतं.

लहान मुलांच्या कपड्यांत तिसराच भिडू येतो: वय. ‘४–५ वर्षं’ हे अंगाचं माप नाही आणि कपड्याचंही नाही, तो कुणीतरी बांधलेला अंदाज आहे. तो किती फसवा असू शकतो ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात पाच वर्षं पुरी झालेल्या मुलग्याची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे. पण साधारण १०१ पासून ११९ पर्यंतची सगळी मुलं त्यात सर्वसामान्यच धरली जातात. एकाच दिवशी जन्मलेली, दोन्ही ठणठणीत मुलं, आणि उंचीत एक वीतभर फरक. त्या दोघांना एकच ‘५ वर्षं’ कसं बसणार? ज्यांचं मूल किरकोळ किंवा थोराड आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, ते लेबलवरचं वय कधीचंच विसरलेले असतात.

त्यापेक्षा युरोपी लेबलावरचे १०४, ११०, ११६, १२२ हे आकडे उपयोगाचे. ही मुलाची उंची आहे, सेंटिमीटरमध्ये. फ्रॉकची लांबी नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे एका काकांनी ११६ चा अंगरखा बघून ‘अहो, हा तर पायघोळ होईल’ म्हणून परत ठेवला होता. दोन नंबरांमध्ये सहा सेंटिमीटरचं अंतर असतं आणि शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण तेवढंच वाढतं. म्हणून ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायचे असतील तर एक नंबर पुढे जावं, दोन नको. आणि वाढत्या अंगाचं म्हणजे लांबीत वाढतं. बाही दुमडता येते, तळ आत घालून कच्चा टाका मारता येतो. गळा आणि खांदा मोठा झाला तर फ्रॉक दिवसभर एका खांद्यावरून घसरत राहतो आणि प्रत्येक फोटोत मूल तो वर ओढताना दिसतं.

मुलांची उंची घरच्यांना पाठ असते असं आपण समजतो. फोनवर विचारून बघा. ‘माझ्या कमरेच्या थोडं वर येतो’ असं उत्तर मिळतं. भिंतीला टेकवून उभं करायला सांगावं, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण करायला सांगावी. दोन मिनिटांचं काम.

दोन ठिकाणी आकडा आपली नेहमीची वाट सोडतो. फॉर्मल शर्टाच्या कॉलरवरचा १५½ किंवा ३९ हे कपड्याचंच माप असतं: कॉलर उघडून सपाट धरली की बटणाच्या मध्यापासून काजाच्या पलीकडच्या टोकापर्यंत. तो आकडा हवा असेल तर माणसाचा गळा मोजताना टेपखाली एक-दोन बोटं घालायची. दुसरी जीन्स. लेबलवर ३२ आणि टेप लावली तर कमरेत ३३-३४, हे अगदी नेहमीचं. एक तर गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी उत्पादक हात सैल सोडतात. दुसरं म्हणजे जीन्स खऱ्या कमरेवर बसतच नाही, खाली बसते, आणि तिथे घेर जास्त असतो. घरातल्या जुन्या जीन्सवरचा नंबर वाचून दुसऱ्या कंपनीची नवी घेणं म्हणूनच जुगार. बंद केलेली पँटची कंबर गळ्याभोवती गुंडाळून बघायची एक युक्ती सगळ्यांना माहीत असते. तरुण, सडपातळ माणसाला ती चालते. पोट सुटलेल्यांसाठी तिच्यावर विसंबू नये, कारण पोटाबरोबर गळा त्या प्रमाणात वाढत नाही.

हे सगळं दुकानात उभं राहून कुठे आठवायचं, असं वाटत असेल तर ज्याच्यासाठी घ्यायचंय त्याचा एक चांगला बसणारा कपडा पिशवीत घालून न्यावा. नव्यावर जुना ठेवून बघितला की कपड्याला कपडाच मोजला जातो, मधल्या लुजाचा हिशोब करावा लागत नाही. फक्त प्रकार तोच हवा: शर्टासाठी शर्ट, टी-शर्टावरून शर्ट नाही. बटणं लावून, सुरकुत्या काढून, न ताणता पसरावा. आणि जुना शर्ट सुती असेल तर तो धुऊन आटलेला आहे, नवा अजून आटायचा आहे, हे ध्यानात ठेवावं. तीन टक्के आटला तरी सत्तर सेंटिमीटर लांबीत दोन सेंटिमीटर जातात.

घरबसल्या मागवताना मात्र सरमिसळ नको. तक्ता अंगाचा असेल तर माणूस मोजा, कपड्याचा असेल तर कपाटातला कपडा मोजा. माझ्या दोन्ही चुका अगदी काळजीपूर्वक घेतलेल्या मापांच्या होत्या, फक्त माप एका जातीचं आणि तक्ता दुसऱ्या जातीचा.

दोन नंबरांमध्ये अडकलात तर मोठा उचला. मोठा कपडा बगलेतून आत घ्यायला शिंप्याला अर्धा तास पुरतो. लहान कपडा सैल करायला आत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडलेली असावी लागते, आणि बऱ्याचशा तयार कपड्यांत ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेच्या शिवणीच्या, आत बोटभरही कापड नसतं. घ्यायच्या आधी आतली शिवण उलटून बघा. खांदा मात्र मोठा घेऊ नका. तो लहान करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा मुंढा कापायचा, आणि सणाच्या आदल्या रात्री ते काम घेणारा शिंपी मिळणं कठीण.

बाबांचा शर्ट मग आईनंच दोन्ही बगलांतून दाबला. खांदे उतरलेलेच राहिले. बाबा अजून तो घालतात, स्वेटरच्या आत.