सिरिंजचे आयुष्य आणि डॉक्टरांची चिठ्ठी

सिरिंजचा दट्ट्या तळापर्यंत दाबला की ती रिकामी झाली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात दट्ट्याचे टोक आणि सुईचे छिद्र यांच्यामध्ये थोडी जागा उरतेच. ज्या सिरिंजची सुई काढता-घालता येते, तिच्यात सुईच्या बैठकीतली ही पोकळी मोठी असते आणि तेथे सुमारे 80 मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दीड थेंब, अडकून राहतो. मधुमेही वापरतात त्या इन्सुलिनच्या सिरिंजला सुई कायमची जोडलेली असते. तिच्यात हेच प्रमाण दोन मायक्रोलिटरच्या आसपास असते. सुई शिरेत नीट बसली आहे ना, हे पाहण्यासाठी नशा करणारी व्यक्ती दट्ट्या किंचित मागे ओढते, नळीत रक्ताचा लाल धागा उमटतो, आणि मगच ती द्रव आत ढकलते. त्या रक्तातला काही अंश पोकळीत मागे राहतो. पाण्याने खळबळून घेतली तरी सुट्या सुईच्या सिरिंजमध्ये जोडसुईच्या सिरिंजपेक्षा कितीतरी पट, काही मोजमापांनुसार हजार पट, अधिक रक्त उरते.

त्या उरलेल्या थेंबातला विषाणू किती काळ तग धरतो, हा पुढचा प्रश्न. शरीराबाहेर एचआयव्ही काही मिनिटांत मरतो, असे पुष्कळांना वाटते. उघड्या पृष्ठभागावर वाळलेल्या रक्ताबाबत या समजुतीत तथ्य असले, तरी सिरिंजच्या बंद पोकळीत रक्त सहजासहजी वाळत नाही. येल विद्यापीठातील रॉबर्ट हायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले, की सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात संसर्गक्षम एचआयव्ही खोलीच्या तापमानाला 42 दिवसांपर्यंतही सापडू शकतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू त्याहून चिवट निघाला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच गटाच्या प्रयोगांत मोठ्या पोकळीच्या सिरिंजमध्ये तो 63 दिवसांनंतरही जिवंत आढळला. वापरून झालेली सिरिंज त्याच दिवशी नष्ट झाली, तर या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. तीच सिरिंज तीन आठवडे चार जणांच्या हातांत फिरली, तर मात्र सगळा अर्थ याच आकड्यांत आहे.

सिरिंज किती दिवस फिरते, हे सुईच्या धातूवर ठरत नाही. सुईचे टोक खरे तर पहिल्याच टोचणीत बोथट होऊ लागते, काही वेळा वळतेही, आणि नवी सुई सहज मिळत असेल तर जुनी वापरण्याची इच्छा कोणालाच होत नाही. ती वापरली जाते कारण नवी मिळत नाही. आणि नवी मिळत नाही याचे कारण बहुतेक वेळा कारखान्यात नसून कायद्यात असते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत विसाव्या शतकाचा बराच काळ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज विकत मिळत नसे. न्यू यॉर्कमध्ये हा निर्बंध 1910च्या दशकात आला. त्या वेळी मॉर्फिन, कोकेन आणि हेरॉइन यांच्या व्यसनाची धास्ती होती, आणि साधन हातातून काढून घेतले की सवयही सुटेल, असा साधा हिशेब त्यामागे होता. सिरिंजमधून रोग पसरू शकतो, हा विचार त्या हिशेबात नव्हता. पुढे 1979 मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने नशेच्या साधनांविषयी एक नमुना कायदा तयार केला आणि बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारला. अशा रीतीने चिठ्ठीचा नियम, औषध दुकानांचे नियम आणि साधन जवळ बाळगण्याचा गुन्हा असे तीन थर एकावर एक चढले. दोनच वर्षांनी, 1981 मध्ये, एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली.

टंचाईने काय घडते, याचा धडा मात्र आधी स्कॉटलंडमध्ये मिळाला, आणि तोही एडिंबरात. नियतीचा उपरोध म्हणावा तर हा, की त्वचेखाली औषध टोचण्यासाठी सिरिंज वापरात आणणारे डॉक्टर अलेक्झांडर वुड याच शहरातले; त्यांनी ते 1853 मध्ये केले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीस तेथे स्वस्त हेरॉइनचा पूर आला असताना पोलिसांनी सिरिंज बाळगणाऱ्यांवर बडगा उगारला आणि दुकानदारांनीही विक्री आखडती घेतली. तेथे चिठ्ठी सक्तीची करणारा कायदा नव्हता. दबाव आणि संकोच एवढ्यानेच काम भागले. एका फ्लॅटमध्ये जमलेली दहा-पंधरा माणसे एकाच सिरिंजवर भागवू लागली. एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाल्यावर शहरातील एका दवाखान्याने आपल्या हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा 164 पैकी 51 टक्के जण बाधित आढळले. हा अहवाल 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या ग्लासगो शहरात हेरॉइन काही कमी नव्हते, तरी तेथे बाधितांचे प्रमाण याच्या एका लहानशा अंशाइतकेच होते.

त्याच सुमारास अॅमस्टरडॅममध्ये शहराच्या मध्यभागी व्यसनींना सिरिंज विकणाऱ्या एका औषधविक्रेत्याने ती विक्री बंद केली. हिपॅटायटिस बी पसरेल या भीतीने व्यसनींच्याच संघटनेने 1984 मध्ये जुन्या सुया घेऊन नव्या देण्याचे काम सुरू केले. फ्रान्सने 1972 मध्ये घातलेले विक्रीचे निर्बंध आरोग्यमंत्री मिशेल बार्झाक यांनी मे 1987 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर उठवले आणि पुढे ते कायमचे उठले. नंतर तेथील औषध दुकानांत सिरिंज, निर्जंतुक पाणी आणि अल्कोहोलचे बोळे असलेली ‘स्टेरीबॉक्स’ नावाची छोटी पेटी मिळू लागली.

या सगळ्यामागचे गणित कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात मांडले गेले, आणि मला ते या विषयातले सर्वांत देखणे काम वाटते. 1990 मध्ये तेथे सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा येलचे एडवर्ड कॅप्लन यांनी त्याचे मूल्यमापन हाती घेतले. नेहमीची पद्धत म्हणजे लोकांना विचारणे: तुम्ही सुई कोणाबरोबर वाटून घेता का? ज्या गोष्टीसाठी तुरुंगवास होऊ शकतो, तिच्याविषयी मिळणाऱ्या उत्तरावर किती विसंबायचे, हा प्रश्न उरतोच. कॅप्लन यांनी माणसांऐवजी सुयांना विचारले. दिलेल्या प्रत्येक सिरिंजवर क्रमांक घातला, घेणाऱ्याला टोपणनाव दिले आणि परत आलेल्या सिरिंजमधील अवशेषांची प्रयोगशाळेत एचआयव्हीसाठी तपासणी केली. कोणती सिरिंज कधी गेली, किती दिवसांनी आली, एकाला दिलेली दुसऱ्याच्या हातून परत आली का, हे सारे त्या क्रमांकांवरून कळू लागले.

त्यांनी वापरलेले प्रारूप, म्हणजे रोगाच्या प्रसाराचे गणिती चित्र, मलेरियाचे होते. रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला आणि नंतर गणिताने हेही दाखवले, की रोग थांबवण्यासाठी प्रत्येक डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की साखळी आपोआप तुटते. डासाच्या जागी सिरिंज ठेवून पाहा. सिरिंजही एकाचे रक्त दुसऱ्याकडे नेते, आणि तिचे ‘आयुष्य’ जितके कमी तितकी दूषित होऊन दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी. नव्या सिरिंज मिळू लागल्या तरी टोचणाऱ्यांची संख्या तीच राहते आणि टोचण्याची संख्याही साधारण तेवढीच राहते; बदलते ते एकेका सिरिंजच्या वाट्याला येणारे काम. परत येणाऱ्या सिरिंजमधील दूषितांचे प्रमाण न्यू हेवनमध्ये खरोखरच घसरत गेले, आणि सहभागी लोकांमधील नवे संसर्ग सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले असावेत, असा अंदाज प्रारूपाने दिला.

बदलून देण्याचे केंद्र शहरात एखाददुसरे असते आणि ठरावीक वेळीच उघडते. औषधांचे दुकान मात्र गावोगाव असते, रात्री उशिरापर्यंत चालते आणि तेथे जाणाऱ्याच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. हे ओळखून कनेक्टिकटने जुलै 1992 मध्ये चिठ्ठीशिवाय दहापर्यंत सिरिंज विकत घेण्यास आणि, हे तितकेच महत्त्वाचे, त्या जवळ बाळगण्यास मुभा दिली. कायद्यापूर्वी आणि कायद्यानंतर घेतलेल्या मुलाखतींत मोठा फरक दिसला. औषध दुकानातून सिरिंज घेणाऱ्यांचे प्रमाण 19 टक्क्यांवरून 78 टक्क्यांवर गेले, रस्त्यावर विकत घेणाऱ्यांचे 74 वरून 28 वर आले, आणि कधी ना कधी सुई वाटून घेतलेल्यांमध्ये ती अजूनही वाटून घेणारे 52 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. मुलाखती थोड्याच लोकांच्या होत्या, हे लक्षात ठेवावे. पण रस्त्यावरून दुकानाकडे झालेले स्थलांतर योगायोगाने घडण्याजोगे नाही.

त्याच अभ्यासातील एक छोटी नोंद मला अधिक बोलकी वाटते. हार्टफर्ड शहरात कायद्यापूर्वीच्या सहा महिन्यांत अमली पदार्थांच्या प्रकरणी 1,007 अटका झाल्या आणि सहा पोलिसांना सुई टोचली. नंतरच्या सहा महिन्यांत 1,032 अटका झाल्या आणि दोघांना टोचली. आकडे इतके लहान आहेत की त्यांवर इमारत उभी करू नये. तरी त्यामागची यंत्रणा सहज समजते. सिरिंज बाळगणे हाच गुन्हा असेल, तर झडती घेणाऱ्याला ‘खिशात सुई आहे, जपून’ असे सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे ठरते. तो गुन्हा राहिला नाही, की सांगण्यात तोटा नाही.

एका राज्याचा अनुभव म्हणजे नियम नव्हे, म्हणून 2001 मध्ये सॅम्युएल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 96 महानगर क्षेत्रांची तुलना केली. जेथे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी होती, तेथे टोचून नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे सरासरी प्रमाण 13.8 टक्के होते. जेथे अशी बंदी नव्हती, तेथे 6.7 टक्के. बंदीच्या शहरांत नशा करणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण मात्र कमी आढळले नाही, म्हणजे 1910च्या दशकातला मूळ हिशेबच फसला होता. अर्थात ही परस्परसंबंधाची आकडेवारी आहे; बंदी बहुधा त्याच राज्यांत होती जेथे साथ लवकर आणि जोरात आली, त्यामुळे सगळा फरक कायद्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

यानंतर राज्ये एकेक करून सैल झाली. मिनेसोटा 1998 मध्ये, न्यू यॉर्क जानेवारी 2001 पासून, इलिनॉय 2003 मध्ये, कॅलिफोर्निया 2005 पासून आणि तेही प्रथम फक्त इच्छुक जिल्ह्यांपुरते. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी विधेयक फेटाळले, आणि 2006 मध्ये विधिमंडळाने तो नकार बहुमताने उलटवला. न्यू जर्सीला 2012 उजाडावे लागले.

कायद्याचा मजकूर बदलला म्हणजे काउंटरवरचा व्यवहार बदलला, असे नाही. बहुतेक ठिकाणी औषधविक्रेत्याला सिरिंज विकण्याची मुभा मिळाली, सक्ती नाही. न्यू यॉर्कमध्ये दुकानांनी आरोग्य खात्याकडे नाव नोंदवायचे, माल ग्राहकाच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही आणि त्याची जाहिरातही करायची नाही, अशा अटी होत्या. काउंटरपलीकडची व्यक्ती विचारते, ‘इन्सुलिन कोणते घेता?’ प्रश्न साधा आहे, पण ज्याच्याकडे उत्तर नाही तो पाठ फिरवून निघून जातो, आणि त्या संध्याकाळी कोणाची तरी जुनी सिरिंज आणखी एकदा वापरली जाते. या नकाराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

बाळगण्याचा गुन्हा तसाच ठेवला तर काय होते, हे इंडियाना राज्यातील ऑस्टिन या सुमारे चार हजार वस्तीच्या गावाने दाखवले. तेथे नशेसाठी सिरिंज बाळगणे हा गंभीर गुन्हा होता. ऑक्सिमॉर्फोन नावाच्या वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेण्याची लाट आली आणि नोव्हेंबर 2014 ते नोव्हेंबर 2015 या काळात या परिसरात 181 जणांना एचआयव्हीचे निदान झाले. त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक जणांना हिपॅटायटिस सीही होता. सुया बदलून देण्यास मार्च 2015 मध्ये आणीबाणीची बाब म्हणून परवानगी द्यावी लागली.

पोकळीचा मुद्दा इथे पुन्हा येतो. अमेरिकेत औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळते ती बहुधा मधुमेहींचीच जोडसुईची सिरिंज, म्हणजे दोन मायक्रोलिटरवाली. म्हणून चिठ्ठी काढून टाकणारा कायदा नव्या सिरिंजची संख्या वाढवतो आणि न बोलता तिचा प्रकारही बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये सुया वाटणाऱ्या कार्यक्रमांना कमी पोकळीच्या सिरिंज देण्याची शिफारस केली. तरीही ज्यांच्या वरच्या शिरा टोचून टोचून बसल्या आहेत, किंवा ज्यांना जास्त द्रव टोचायचा असतो, ते लांब, सुट्या सुईची मोठी सिरिंजच मागतात. त्यांच्यासाठी आता दट्ट्याच्या टोकाला किंवा सुईच्या बैठकीत पोकळी भरून काढणारा उंचवटा असलेल्या सिरिंज आणि सुया बनतात.