एका अंड्याची मालकी: गरिबीवरून पेटलेल्या चर्चमधल्या वादाची पार्श्वभूमी

१२ नोव्हेंबर १३२३ रोजी पोप जॉन बाविसावे यांनी आविन्यों (आजच्या फ्रान्समधलं शहर) इथून एक फर्मान काढलं. येशू ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्या मालकीचं काहीही नव्हतं, असं हट्टाने म्हणत राहणं हे यापुढे पाखंड समजलं जाईल, हा त्याचा मथितार्थ. गोठ्यात जन्मलेल्या, डोकं टेकायला जागा नाही असं स्वतःबद्दल सांगणाऱ्या गुरूला निष्कांचन म्हणणं हाच गुन्हा ठरला.

चर्चच्या संपत्तीचा विषय निघाला की आपली गाडी थेट १५१७ ला, मार्टिन ल्यूथर आणि पापमुक्तीपत्रांच्या विक्रीपाशी जाऊन थांबते. मला त्याआधी दोनशे वर्षं झालेला हा वाद जास्त बोलका वाटतो. ल्यूथर शेवटी बाहेर पडला. या वादातल्या फ्रान्सिस्कनांना, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या साधूंना, मात्र बाहेर पडायचंच नव्हतं. चर्चमध्ये राहून गरीब राहायची परवानगी तेवढी हवी होती. त्यांच्यातल्या एकाचा शेवट आपल्या ठाण्यात झाला.

मूळ शोधायचं तर चौथ्या शतकापर्यंत मागे जावं लागतं. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला आणि जप्त केलेल्या मालमत्ता परत देवविल्या. मग सरकारी देणग्या आल्या, जमिनी आल्या, धर्मगुरूंना करमाफी मिळाली. बिशपपदाला वजन आलं आणि ते मिळवायला खटपटीही सुरू झाल्या. मध्ययुगात एक दंतकथा सांगत, की सम्राटाने दान दिलं त्या दिवशी आकाशवाणी झाली: आज चर्चमध्ये विष ओतलं गेलं. म्हणजे तक्रार जुनी होती. ११७० च्या दशकात लियों शहरातल्या वाल्दो नावाच्या व्यापाऱ्याने सगळं वाटून टाकलं आणि रस्त्यावर उपदेश सुरू केला. परवानगी नसताना उपदेश करू नका, हे त्याच्या अनुयायांनी ऐकलं नाही आणि ११८४ मध्ये ते बहिष्कृत झाले.

असिसीकर संत फ्रान्सिस हा कापडव्यापाऱ्याचा मुलगा. बापाने पैशावरून बिशपपुढे उभं केलं तेव्हा त्याने अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाच्या हवाली केले. त्याचं मागणं वाल्दोपेक्षा फार वेगळं नव्हतं. फरक इतकाच, की १२०९ मध्ये तो आपली टोळी घेऊन रोमला गेला आणि पोप इनोसंट तिसरे यांच्याकडून तोंडी का होईना, मान्यता घेऊन आला. १२२३ मध्ये त्याच्या संघाची नियमावली पोपने रीतसर मंजूर केली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय, की बंधूंनी, म्हणजे संघातल्या साधूंनी, नाणी किंवा पैसे स्वतः घेऊ नयेत, दुसऱ्यामार्फतही घेऊ नयेत. त्याआधीच्या १२२१ च्या मसुद्यात तर नाण्याला दगडाइतकीच किंमत द्या, असं होतं. मजुरी करा, मिळेल ते अन्न घ्या, कमी पडलं तर दारोदार मागा. मृत्युपत्रात त्याने आणखी बजावलं: रोमच्या दरबाराकडून सवलतीची पत्रं मागू नका आणि माझ्या शब्दांना टिपा जोडू नका.

फ्रान्सिस १२२६ मध्ये गेला. दोन वर्षांत तो संत घोषित झाला आणि असिसीत त्याच्या नावाच्या भव्य मंदिराची कोनशिला बसली, ती खुद्द पोपच्या हस्ते. १२३० मध्ये त्याच पोपने, नववे ग्रेगरी यांनी, ते मृत्युपत्र संघावर बंधनकारक नाही असा निर्वाळा दिला. ग्रेगरी फ्रान्सिसचे जवळचे स्नेही होते. शत्रूंनी केलं असतं तर समजून घेता आलं असतं.

संघ पसरत होता. पॅरिस, ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत फ्रान्सिस्कन शिकवू लागले. श्रीमंत लोक मरताना त्यांच्या नावे रकमा ठेवू लागले. मठ हवेत, पुस्तकं हवीत, धान्य साठवायला कोठारं हवीत. आणि पैशाला तर शिवायचं नाही. मग कायदेपंडितांनी तोड काढली. पैसा बंधूंच्या वतीने एखादा 'स्नेही' हाताळेल. १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी संघाच्या वापरातल्या वस्तूंची मालकी पोपपीठाकडे घेतली. १२७९ मध्ये निकोलस तिसरे यांनी त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली: मालकी वेगळी, नुसता वापर वेगळा, ख्रिस्तानेही मालकी सोडूनच जगून दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा पोपच्या नावावर आणि वहिवाट फ्रान्सिस्कनांची. कागदावर संघ पूर्ण निर्धन राहिला आणि कोठारं भरत गेली.

काही बंधूंना हे पटेना. गरिबी कागदावर नको, ताटात आणि अंगावर दिसली पाहिजे, असं ते म्हणत. दक्षिण फ्रान्समध्ये पीटर ऑलिव्ही हा त्यांचा विद्वान पुढारी. इटलीत आंकोनाच्या बाजूला असाच एक गट होता. त्यातल्या काहींना १२८० च्या सुमारास संघाच्याच वरिष्ठांनी तुरुंगात टाकलं. तोलेंतीनोचा थॉमस हा त्यांतला एक. दहाएक वर्षांनी संघाच्या नव्या प्रमुखाने त्यांना सोडवलं आणि आर्मेनियाला पाठवलं. असल्या हट्टी माणसांना लांबच्या मुलखात धाडणं सुरक्षितही होतं आणि सोयीचंही. १२९४ मध्ये पाचवे सेलेस्टिन हा एक खराखुरा संन्यासी पोप झाला आणि त्याने या लोकांना वेगळं राहायची मुभा दिली. पण पाच महिन्यांत त्याने राजीनामा दिला आणि पुढच्या पोपने त्याचे निर्णय रद्द केले.

१३१६ मध्ये जॉन बाविसावे गादीवर आले तेव्हा वयाची सत्तरी उलटलेली होती. पोपचा दरबार १३०९ पासून फ्रान्सच्या हद्दीलगत आविन्योंला होता. माणूस कायदेपंडित, कामसू आणि हिशेबाला पक्का. त्यांची पैशाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. धर्मपदं रिकामी झाली की नेमणुकीचा हक्क जास्तीत जास्त ठिकाणी पोपकडे राखून ठेवायचा आणि नव्या माणसाने पहिल्या वर्षाचं उत्पन्न तिजोरीत भरायचं. एका बिशपला बढती दिली की त्याची जागा मोकळी होते, ती भरली की तिसरी मोकळी होते, आणि प्रत्येक पायरीवर वसुली. एकाच माणसाने अनेक पदं अडवून बसू नये, असा चांगला नियम त्यांनी १३१७ मध्ये केला. त्यात सोडाव्या लागलेल्या जागा भरण्याचा अधिकार अर्थातच पोपचा.

फ्लॉरेन्सचा बखरकार व्हिलानी सांगतो, की या पोपच्या मरणानंतर खजिन्यात १ कोटी ८० लाख सोन्याचे फ्लोरिन निघाले. हिशेबाच्या वह्या चाळणाऱ्या इतिहासकारांनी हा आकडा कधीच निकालात काढला आहे. लोकांना तो खरा वाटला, यातच काय ते आलं. खर्चाचा मोठा वाटा इटलीतल्या लढायांवर होत होता.

१३१७ मध्ये या पोपनी नार्बोन आणि बेझियेच्या हट्टी बंधूंना आविन्योंला बोलावून घेतलं. वाद वरवर पाहता क्षुल्लक होता: झगे किती आखूड आणि फाटके असावेत, आणि मठात धान्य-दारू साठवावी का. पोपचा निवाडा असा, की गरिबी थोर, सचोटी त्याहून थोर, पण आज्ञापालन सगळ्यांत थोर. बहुतेकांनी मान तुकवली. चौघांनी नाही तुकवली. त्यांना ७ मे १३१८ रोजी मार्सेय इथे जाळलं.

इथपर्यंत संघाचे प्रमुख मायकेल ऑफ चेझेना पोपच्या बाजूने होते. १३२२ मध्ये वाद खुद्द ख्रिस्ताच्या गरिबीपर्यंत आला आणि तेही बिथरले. संघाच्या पेरुज्यातल्या सभेने जाहीर केलं, की ख्रिस्त आणि प्रेषित निर्धन होते असं म्हणणं धर्ममान्य आहे. पोपनी त्यावर सातबाराच परत केला, म्हणजे संघाच्या वस्तूंची मालकी आपल्याकडे ठेवायला नकार दिला. डिसेंबर १३२२ च्या फर्मानात त्यांचा युक्तिवाद वकिली आणि खरं सांगायचं तर बिनतोड आहे. एक अंडं, चीजचा तुकडा, पावाचा कोर बंधू खातो; खाऊन संपणाऱ्या वस्तूचा वापर मालकीपासून वेगळा कसा काढणार? पोटात गेलेल्या अंड्याची मालकी रोमकडे राहते, असं कुणाला म्हणायचं आहे? ढोंग त्यांनी नेमकं पकडलं. उपाय मात्र असा काढला, की ढोंग सोडून खरोखर गरीब व्हायची वाट बंद झाली. पुढच्या वर्षी पाखंडाचं फर्मान निघालं. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा याच्याकडे पैशाची थैली होती, म्हणजे येशूच्या मंडळीकडे मालमत्ता होती, हा पोपच्या पक्षाचा लाडका पुरावा होता.

नोव्हेंबर १३२४ मध्ये पोपच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न आविन्योंत झालं. जेवणावळीचा हिशेब शिल्लक आहे: ४,०१२ पाव, ५५ मेंढ्या, ६९० कोंबड्या आणि ३,००० अंडी. ही कुणाच्या मालकीची, यावर फर्मान निघालं नाही.

मायकेल मे १३२८ मध्ये विल्यम ऑफ ऑकम या तत्त्वज्ञाला घेऊन आविन्योंहून रातोरात पळाले आणि पोपचा वैरी असलेला जर्मन राजा, बव्हेरियाचा लुई, याच्या आश्रयाला गेले. गरिबीचा झेंडा आता राजाच्या दरबारात.

आर्मेनियाला पाठवलेल्या त्या थॉमसचं काय झालं? म्हातारपणी तो होर्मुझहून जहाजाने पूर्वेकडे निघाला. सोबत पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, तिफ्लिसचा देमेत्रियस आणि जॉर्डन नावाचा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका संघाचा, धर्मगुरू. जहाज ठाण्याला लागलं. तिथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता आणि नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका वेगळ्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांची लहानशी वस्ती. त्यांतल्याच एका घरी हे पाहुणे उतरले. जॉर्डन गुजरातकडे गेला असताना त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून या परदेशी बंधूंची नावं सांगितली. साक्ष राहिली बाजूला आणि धर्माचा वाद सुरू झाला. एप्रिल १३२१ मध्ये चौघंही मारले गेले. जॉर्डनने परत येऊन त्यांना सोपाऱ्यात पुरलं. काही वर्षांनी ओडोरिक हा प्रवासी फ्रान्सिस्कन त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. जॉर्डनला याच बाविसाव्या जॉन यांनी १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमलं. थॉमसला चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली ती १८९४ मध्ये.

पुढची हकिगत झरझर सांगता येते. मे १५१७ मध्ये पोप दहावे लिओ यांनी फ्रान्सिस्कन संघाचे दोन तुकडे केले: काटेकोर नियम पाळणारे वेगळे, सैल वेगळे. त्याच ऑक्टोबरात ल्यूथर, आणि त्याच वर्षी फ्रान्सिस्कन गोव्यात येऊन स्थिरावले. या खेपेला ते पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने आले होते. बिशप राजा सुचवणार, खर्च राजा उचलणार. वसईच्या किल्ल्यात त्यांचा मठ उभा राहिला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च झालं आणि तिथल्या देवस्थानाच्या जमिनींचं उत्पन्नही राजाने त्यांच्याकडे लावून दिलं. ठाण्यात फिरस्ते म्हणून उतरलेल्या संघाचे लोक दोनशे वर्षांनी साष्टीत जमिनीच्या उत्पन्नावर बसले.

मार्च २०१३ मध्ये फ्रान्सिस हे नाव घेणारा पहिला पोप निवडून आला. त्याच वर्षी जर्मनीतल्या लिम्बुर्गच्या बिशपांना निवाससंकुलावर ३ कोटी युरोंहून जास्त खर्च झाल्यावरून कारभारापासून दूर व्हावं लागलं. सध्याच्या, म्हणजे १९८३ च्या धर्मकायद्यानुसार मालमत्ता ज्या संस्थेने मिळवली तिची, पण पोपच्या सर्वोच्च अधिकाराखाली. आणि फ्रान्सिस्कनांची १२२३ ची नियमावली, पैसे न घेण्याच्या कलमासकट, आजही त्या संघाची अधिकृत नियमावली आहे.