लघुचित्रण : साहित्य व तंत्र

पोथीच्या पानावर किंवा सुट्या कागदावर, डिंकात कालवलेल्या रंगांनी, हातात धरून पाहण्यासाठी काढलेल्या चित्रास लघुचित्र म्हणतात. ‘लघु’ या शब्दावरून आकाराची कल्पना मात्र करू नये. अकबराच्या चित्रशाळेतील हम्जानाम्याची (अमीर हम्जाच्या साहसकथांचा ग्रंथ) चित्रे (सु. १५६२–७७) कापडावर असून त्यांची उंची सु. ६७ सेंमी. भरते. ‘मिनिएचर’ या संज्ञेचाही मूळ अर्थ लहान असा नाही. लॅटिनमध्ये शेंदराला मिनियम म्हणत, आणि पोथ्यांतील शेंदरी रेखाटनावरून ती संज्ञा रूढ झाली.

आधारद्रव्य : पूर्व भारतातील पालकालीन बौद्ध पोथ्या (सु. अकरावे–बारावे शतक) ताडपत्रांवर आहेत. पान जेमतेम सहा-सात सेंमी. रुंद असल्यामुळे चित्राला मजकुराच्या मधला छोटा चौकोनच मिळे. पश्चिम भारतात साधारणतः चौदाव्या शतकापासून कागद आला, तरी जैन लेखकांनी पानाचा लांबट घाट सोडला नाही. दोरा ओवण्याचे भोक आता लागत नव्हते. त्याच्या जागी रंगीत टिकली मात्र राहिली. नवे द्रव्य हाती आल्यावरही डोळा जुन्या पानाला सरावलेला राहतो, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

पुढे वसली प्रचारात आली. अरबी ‘वस्ल’ म्हणजे जोड. कागदाचे दोन किंवा अधिक ताव खळीने एकमेकांवर चिकटवत. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. वाळलेली वसली अकीकाच्या दगडाने घोटली, की कुंचला न अडखळता सरके. दख्खनेत दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद नावाजलेला होता. तेथील कारागिरांची परंपरा आपला उगम मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस नेली त्या काळात मानते.

रंगद्रव्ये : हिंगूळ, शेंदूर, गेरू, हरताळ (एक पिवळे खनिज), नीळ, काजळ व सफेदा ही नेहमीची द्रव्ये. लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई व महाग पडे. पंधराव्या शतकातील जैन पोथ्यांत निळी पार्श्वभूमी वाढत जाते, ती ही आवक वाढल्याची खूण मानली जाते. हरताळाचा आणखी एक उपयोग लेखकांना ठाऊक होता. चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप देऊन ती झाकत. मराठीतला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. जंगालाचा हिरवा रंग दिसायला सुंदर, पण तांब्याचा असल्यामुळे कागद जाळतो. जुन्या पानांत हिरव्या कुरणाची जागाच तेवढी तपकिरी होऊन चिरफळते, आणि उलट बाजूला तिची सावली उमटलेली दिसते.

सर्वाधिक वाद गोगिली किंवा पेवडी या पिवळ्या रंगाच्या उगमाबद्दल झाला. राजस्थानी व पहाडी चित्रांतील तापलेला, आतून उजळल्यासारखा पिवळा तो हाच. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये मुंगेरजवळील मिर्झापूरहून दिलेल्या वृत्तानुसार तेथील गवळी गाईंना आंब्याची पाने खाऊ घालून त्यांचे मूत्र धरीत, ते तापवून साका खाली बसवीत, कापडातून गाळीत व त्याचे गोळे वाळवीत. एकाच वृत्तावर विसंबण्यास अनेकांनी नकार दिला. रंगांच्या इतिहासावर लिहिणाऱ्या व्हिक्टोरिया फिनले यांना २००२ च्या सुमारास मिर्झापुरात या धंद्याची आठवण कोणालाच नसल्याचे आढळले, आणि हा रंग करण्यावरील ज्या बंदीचा नेहमी दाखला दिला जातो तिचा कायदाही सापडला नाही. मात्र मुखर्जींनी पाठवलेले नमुने लंडनमधील क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात टिकून होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पृथक्करणात या रंगाचा मूळ घटक असलेल्या युक्झँथिक आम्लाबरोबर हिप्पुरिक आम्लही मिळाले, आणि ते प्राण्यांच्या मूत्रातले द्रव्य आहे. आम्रपर्णातील मँजिफेरिन या द्रव्याचे जनावराच्या शरीरात युक्झँथिक आम्लात होणारे रूपांतर पाहता मुखर्जींचे वृत्त मुळात खरे मानणे अधिक युक्त ठरते. तथापि एका गावच्या धंद्यावरून दोन शतकांच्या सर्व पुरवठ्याचा निष्कर्ष काढता येत नाही. अतिनील प्रकाशात हा रंग झगझगीत पिवळा चमकतो. चित्राला इजा न करता तो ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

बंधक म्हणून बाभळीच्या जातीचा डिंक वापरत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (सु. ११३०) म्हशीच्या कातड्यापासूनचा वज्रलेप (सरस) आणि वासराच्या कानाच्या केसांचा कुंचला सांगितला आहे. पण ते प्रकरण भिंतीवरील चित्रणाचे आहे. त्यावरून लघुचित्रांची कृती ठरवण्याचा काही अभ्यासकांचा प्रयत्न जपूनच घ्यावा.

कृती : रंग खलात घोटून, पाण्यात निथळून शिंपल्यांत ठेवत. कुंचल्याला खारीच्या शेपटीचे केस लागत. ते पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवत. आकृती पुन्हा वापरायची असल्यास हरणाच्या पातळ कातड्यावर तिचा चरबा घेत, रेषांवर सुईने भोके पाडत आणि कोळशाची पूड झटकून खाका उतरवत. कच्च्या रेखाटनावर सफेद्याचा विरळ हात देत, म्हणजे खालची रेषा पुसट दिसत राही, आणि त्यावर सुधारून पक्की रेषा घेत. मग सपाट रंगभरणी. मधूनमधून चित्र पालथे घालून पाठीमागून घोटत, त्यामुळे रंग कागदात मुरून मिन्यासारखी झळाळी येई. छायेसाठी बारीक रेघा किंवा ठिपके भरण्यास पर्दाज म्हणतात, अखेरच्या बाह्यरेषांना राजस्थानात खुलाई. सोन्याचा वर्ख डिंकात किंवा मधात खलून, धुऊन शेवटी लावत व घोटत. मोती दाखवताना सफेद्याचा दाट थेंब उठावदार टाकत. पान तिरपे धरले की त्याची सावली खरीखुरी पडते. जम्मूकडील बसोहलीच्या चित्रांत पाचूंच्या जागी भुंग्याच्या पंखांचे चमकते तुकडे चिकटवलेले आहेत.

अकबरी चित्रशाळेत कामाची वाटणी असे. रज्मनाम्याच्या (महाभारताचा फार्सी अनुवाद, सु. १५८२–८६) समासांत तर्ह (रेखाटन), अमल (रंगकाम) व चेहरानामी (चेहरे) करणाऱ्यांची नावे वेगवेगळी नोंदलेली आढळतात.

दख्खनी चित्रांत सोन्याचा सढळ वापर व विजापूरकडील अबरी (रंगीत लहरींचा) कागद ही ठळक वैशिष्ट्ये. अहमदनगरच्या निजामशाहीतील तारीफ-इ-हुसेनशाही (सु. १५६५–६९) ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.