मलेरियात गेलेलं रक्त डाळिंबानं भरून येतं?

सोलापुरात कुणाला मलेरिया झाला की भेटायला येणाऱ्याच्या पिशवीत डाळिंबं हमखास. जिल्हाच डाळिंबाचा, त्यात दाणे लालभडक. मग रसानं रक्त वाढतं ही समजूत पक्की व्हायला कितीसा वेळ? डाळिंब जरूर खावं, पण औषध म्हणून नव्हे.

मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशीत वाढतात आणि ती फोडून बाहेर पडतात. व्हायवॅक्स व फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकारांत हे साधारण दर ४८ तासांनी घडतं. प्लीहा तर न बाधलेल्या पेशीही काढून टाकते, आणि अस्थिमज्जेत नव्या पेशी कमी तयार होतात. फुटलेल्या पेशींतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं. मात्र संसर्गात यकृत हेपसिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं. ते साठ्यातलं लोह अडवतं, आतड्यातलं शोषणही रोखतं. कोठाराला कुलूप लागलेलं असताना दारात पोती आणून टाकायची, तसं हे. शिवाय १०० ग्रॅम डाळिंबात लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम! मलेरियात घटलेल्या प्लेटलेटही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) डाळिंबानं नव्हे, उपचार लागू पडले की वाढतात.

याहून घातक सल्ला लंघनाचा. तीव्र फाल्सिपेरममध्ये रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते, विशेषतः लहान मुलं आणि गर्भवतींमध्ये. क्विनाइन या मलेरियावरच्या औषधानं इन्सुलिन वाढून ती आणखी घसरते. म्हणून ज्वारीची आंबील, पेज, मऊ भात थोडा थोडा देत राहावा. गुंगी किंवा झटके आले तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.